नांव हरवलेलें विष

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. वैशाखांत नातवाची मुंज ठरली होती आणि आमच्या गांवीं नळास दिवसाआड पाणी. घर मोठें, खालीं-वर मिळून आम्ही अकरा माणसें, त्यांत मुंजीच्या चार दिवसांत पाहुण्यांची भर पडणार. तेव्हां पाणी सांठविण्यासाठीं पिंपें हवींत अशी चर्चा रोज जेवणाच्या पंक्तीस चालूं झाली. एके दिवशीं माझा पुतण्या जुन्या बाजारांतून दोन मोठीं निळीं प्लॅस्टिकचीं पिंपें टेंपोंत घालून घेऊन आला. नव्या पिंपाच्या एकतृतीयांश किंमतींत तीं मिळालीं म्हणून घरांत सर्वांस आनंद झाला. त्यांतला मोठा वांटा माझा होता, कारण मुंजीच्या खर्चाची वही माझ्या हातीं होती.

पिंपांवरील कागदी चिठ्ठी कोणीं तरी खरवडून काढलेली होती. एकावर मात्र इंग्रजी अक्षरांचा एक तुकडा शिल्लक होता व त्यांत ‘फॉस्फेट’ हा शब्द वाचतां येत होता. तळाशीं थोडी तेलकट ओल होती. वास कसलाच नव्हता. हें काय असावें, असें मला विचारण्यांत आलें. पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलेल्या माणसास ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणण्याची संवय राहत नाहीं. मीं लगेच सांगितलें, “फॉस्फेट म्हणजे खत. शेतांत घालतात. राख आणि कढत पाणी घालून दोनदां घासून घ्या म्हणजे झालें.”

सूनबाई तेथेंच उभी होती. तिनें रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविली आहे. पण वडील माणसें बोलत असतां मध्यें बोलण्याची तिची रीत नाहीं. ती पिंपाजवळ वांकली, चिठ्ठीचा तुकडा बोट न लावतां नीट वाचला आणि म्हणाली, “मामंजी, फॉस्फेटच्या आधीं ‘क्रेसिल’ अशीं अक्षरें दिसतात. हें खत नव्हे. काय आहे तें कळेपर्यंत यांत पाणी भरूं नये, असें मला वाटतें.”

मला राग आला, हें कबूल केलें पाहिजे. सर्वांच्या समोर आपलें म्हणणें खोडलें गेलें, याचाच तो राग होता. पण त्या रात्रीं तिनें मला जें वाचावयास आणून दिलें, तें वाचून माझी झोंप उडाली. तें ज्ञान आपल्यासारख्या भरल्या घरांतून सर्वांस असावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या पदार्थाचें पुरें नांव ट्रायक्रेसिल फॉस्फेट. ‘ट्राय’ म्हणजे आपल्या संस्कृतांतील ‘त्रि’च होय. कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या क्रेसोल नांवाच्या द्रव्याचे तीन अंश फॉस्फरसच्या आम्लाशीं जोडले म्हणजे हें तयार होतें. दिसावयास तें तेलासारखें, वर्णहीन किंवा फिकट पिवळें असतें. पाण्याहून जड असल्यामुळें तें तळाशीं बसतें. पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, पण तेलांत मात्र सहज मिसळून जातें. त्यास वास नाहीं म्हटलें तरी चालेल, आणि जिभेवर फरक कळेल अशी चवहि नाहीं. हे दोन गुण वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढील सारा अनर्थ त्यांतून निघतो.

उद्योगधंद्यांत हा पदार्थ मोठा कामाचा आहे. पीव्हीसी नांवाचें प्लॅस्टिक मुळांत कडक व ठिसूळ असतें. विजेच्या तारेवरील वेष्टन किंवा खुर्चीवरील कृत्रिम चामडें वांकावें, मोडूं नये, यासाठीं त्यांत एखादें तेलकट द्रव्य मुरवावें लागतें. कणकेंत मोहन घालावें तसाच हा प्रकार. अशा द्रव्यास प्लॅस्टिसायझर म्हणतात. आपण त्यास मृदुकारक म्हणूं. पुष्कळ मृदुकारक स्वतः पेटतात. ट्रायक्रेसिल फॉस्फेटमध्यें फॉस्फरस असल्यामुळें तें आगीस उलट आवरतें: ज्वाळेच्या उष्णतेनें त्याचें आम्ल होतें, त्यामुळें वस्तूच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो, आणि ज्वाळा आंत शिरूं शकत नाहीं. पूर्वीं सेल्युलॉइडसारख्या भडकन् पेटणाऱ्या पदार्थांतहि याच गुणामुळें तें घालीत. जेट विमानाच्या एंजिनांतील वंगणांतहि धातूची झीज थांबविण्यासाठीं तें मिसळतात. आगींतून माणसें वांचविणारा हा पदार्थ आहे. त्यास सरसकट दुष्ट ठरविण्याचा माझा हेतु नाहीं.

मग भय कशाचें? क्रेसोलचे तीन प्रकार आहेत: ऑर्थो, मेटा आणि पॅरा. अणु तेच, पण त्यांची मांडणी निराळी. एकाच पंक्तींत बसणाऱ्यांनीं पाट बदलावे तशी. ‘ऑर्थो’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ. परंतु नांव सरळ असलें तरी या तिघांत वांकडा तोच निघाला. ऑर्थो क्रेसोलपासून झालेलें ट्रायक्रेसिल फॉस्फेट पोटांत गेलें, किंवा दीर्घकाळ कातडींतून शोषलें गेलें, तर यकृतांत त्याचें रूपांतर होऊन एक नवें द्रव्य बनतें. आणि तें ज्ञानतंतूंच्या पोषणास आवश्यक असलेल्या एका घटकास निकामी करून टाकतें. शरीरांतले सर्वांत लांब तंतु पाठीच्या कण्यापासून पायांपर्यंत गेलेले. त्यांचीं टोंकें आधीं मरतात, आणि मरण मागें मागें सरकत येतें. नदीच्या पाटाचें पाणी आटलें म्हणजे सर्वांत शेवटचें शेत आधीं सुकावें, त्यांतलाच हा प्रकार.

याहून कपटाची गोष्ट म्हणजे हें सारें ताबडतोब होत नाहीं. पहिल्या दिवशीं थोडी मळमळ किंवा जुलाब होतील, न होतील. माणूस बरा होऊन कामास लागतो. मग एक ते तीन आठवड्यांनीं पोटऱ्या दुखूं लागतात, तळपायांस मुंग्या येतात, आणि एके सकाळीं अंथरुणांतून उठतांना पाऊल वर उचलत नाहीं. पुढें हाताचीं मनगटेंहि लुळीं पडतात. यावर उतारा असा अद्याप सांपडलेला नाहीं. कित्येकांस महिन्या-वर्षांनीं बरीच शक्ति परत येते, कित्येकांचे पाय कायमचे ताठ राहतात. तोंवर दोषी काय होतें हें शोधूं जावें, तर तो डबा रिकामा होऊन घांसला गेलेला असतो.

या रोगाची पहिली नोंद औषधांतून झाली, हें ऐकून आश्चर्य वाटेल. फ्रान्समध्यें क्षयरोग्यांस क्रिओसोट व फॉस्फरस यांचें एक मिश्रण देत असत. त्यांतील कांहीं रोग्यांस पायांचा पक्षाघात झाल्याचें १८९९ सालीं प्रसिद्ध झालें. पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. जगाचे डोळे उघडले ते १९३० सालीं, अमेरिकेंत.

तेथें १९२० पासून दारूबंदी होती. ‘जमैका जिंजर’ नांवाचा आल्याचा अर्क मात्र पोटाचें औषध म्हणून दुकानांत मिळे. त्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा सत्तरांहून अधिक. म्हणून गरीब लोक तो दारूऐवजीं पीत. तो घशाखालीं उतरूं नये इतका तिखट असावा, यासाठीं त्यांत आल्याचा घन अंश ठराविक प्रमाणांत असलाच पाहिजे असा सरकारी नियम होता. तपासनीस अर्क आटवून उरलेला गाळ तोलीत. बोस्टन येथील हॅरी ग्रॉस व मॅक्स रीझमन या व्यापाऱ्यांनीं आलें कमी करून वजन भरून काढण्यासाठीं निरनिराळीं द्रव्यें घालून पाहिलीं. आणि अखेरीस वास नाहीं, चव नाहीं, आटत नाहीं असें एक तेल त्यांस सांपडलें. लाखेच्या रंगांत वापरलें जाणारें तें तेल म्हणजेच ट्रायक्रेसिल फॉस्फेट. तपासनिसाचा तराजू फसला. १९३० च्या आरंभीं ओक्लाहोमा शहरांत डॉ. एफ्रेम गोल्डफेन यांच्याकडे पावलें लोंबणारे रोगी एकामागून एक येऊं लागले. थोड्याच महिन्यांत रोग्यांची संख्या तीस हजारांवर गेली; पन्नास हजारांचाहि अंदाज सांगतात. हे लोक चालतांना गुडघा उंच उचलून पाऊल आपटीत, आणि त्या चालीवरून दारूचा संशय घेऊन लोक त्यांस हंसत. कारण बहुतेक जण दरिद्री होते. सरकारी प्रयोगशाळेंतील मॉरिस स्मिथ व एलिआस एल्व्होव्ह यांनीं त्याच वर्षीं दोषी द्रव्य ऑर्थो प्रकारचें असल्याचें सिद्ध केलें. व्यापारी मात्र प्रथम स्थगित शिक्षेवर सुटले.

एवढा धडा मिळाल्यावर जग शहाणें व्हावयास हवें होतें. पण १९५९ सालीं मोरोक्कोंतील मेक्नेस शहरीं व आसपास सुमारें दहा हजार माणसें अशींच लुळीं पडलीं. अमेरिकन विमानतळावरील जेट एंजिनाचें शिल्लक वंगण व्यापाऱ्यांनीं विकत घेऊन ऑलिव्हच्या खाद्यतेलांत मिसळलें होतें. आपल्या मुंबईंतहि १९६० सालीं दूषित खाद्यतेलामुळें अशा पक्षाघाताचे रोगी आढळले, व तेथील डॉक्टरांनीं त्याचा वृत्तांत १९६२ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय मासिकांत दिला. १९८८ सालीं कलकत्त्याच्या बेहाला भागांत रेपसीड तेलामुळें शेंकडों कुटुंबीयांवर हाच प्रसंग ओढवला.

या सर्वांत मला अधिक हेलावून सोडणारी हकीकत श्रीलंकेची आहे. तेथील चहाच्या मळ्यांतील तमिळ कुटुंबांत मुलगी वयांत आली म्हणजे तिला शक्ति यावी म्हणून कांहीं दिवस तिळाचें तेल पाजण्याची रीत आहे. आपल्याकडे बाळंतिणीस तूप द्यावें, तशीच ही मायेची रीत. १९७७-७८ च्या सुमारास अशा वीस मुलींच्या पायांतील शक्ति गेली. तेल मुद्दाम भेसळीचें नव्हतें. पूर्वीं खनिज तेल भरलेल्या डब्यांतून त्याची ने-आण झाली होती, आणि बहुधा तेथेंच तें ट्रायक्रेसिल फॉस्फेटनें दूषित झालें. १९८१ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत हें आलें. तेथें कोणा व्यापाऱ्याचा लोभहि शोधावा लागत नाहीं. आईनें प्रेमानें वाटी भरली, मुलीनें आज्ञाधारकपणें ती प्याली. मध्यें फक्त एका डब्याचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक नव्हता.

या हकीकती वाचतां वाचतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. कारखान्यांत हें द्रव्य असतें तेव्हां त्याच्या पिंपावर नांव असतें, धोक्याचें चिन्ह असतें. तेथेंहि अपघात होतात. १९४४ सालीं इंग्लंडांत हेंच द्रव्य तयार करणाऱ्या कांहीं कामगारांस ज्ञानतंतूंचा विकार झाल्याची नोंद आहे. पण हजारांनीं माणसें लुळीं पडलीं तीं सगळीं हें द्रव्य कारखान्याबाहेर पडून त्याचें नांव हरवल्यानंतर. बाटलींत तें ‘औषध’ झालें, पिंपांत ‘तेल’ झालें, आणि माझ्या अंगणांत मीं त्यास ‘खत’ असें नांव दिलें. नाक, जीभ आणि डोळे हे घरच्या अन्नाचे आपले जुने पहारेकरी. या एका द्रव्यापुढें ते तिन्ही निरुपयोगी आहेत. पहारा करूं शकते ती फक्त चिठ्ठी.

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ऑर्थो प्रकार विषारी आहे हें कळल्यापासून चांगले कारखानदार तो अंश अत्यल्प राहील अशी काळजी घेतात. आजचा माल त्यामुळें १९३० च्या मालासारखा नाहीं. या जातीचीं नवीं द्रव्यें ज्ञानतंतूंस अपाय करितात कीं काय हें पाहण्यासाठीं कोंबड्यांवर परीक्षा घेण्याची पद्धत आहे, कारण उंदरांपेक्षां कोंबडीस हा विकार लवकर होतो. आपल्या घरांतील विजेच्या तारा पाहून कोणी घाबरूं नये. तारेच्या वेष्टनांत मुरलेलें द्रव्य आणि पिंपाच्या तळाशीं सुटें राहिलेलें द्रव्य यांत फार अंतर आहे. मात्र खाद्य पदार्थांसाठीं नसलेल्या मऊ प्लॅस्टिकमध्यें तेल, तूप, लोणचें कधीं ठेवूं नये. स्निग्ध पदार्थ मृदुकारकास बाहेर ओढून घेतात.

ज्यांच्या घरचीं मुलें किंवा जांवई अशा कारखान्यांत कामास आहेत, त्यांच्यासाठीं कांहीं नियम थोडक्यांत देतों. द्रव्य हाताळतांना नायट्राइल रबराचे हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, कारण कातडींतून तें नकळत आंत जातें. तें तापवावें लागत असेल तेथें वाफ ओढून घेणारी व्यवस्था पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यानें कारखान्यांतील एका घनमीटर हवेंत ऑर्थो प्रकाराचें प्रमाण ०.१ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असतां कामा नये, यावरून तें किती थोडें पुरतें तें कळेल. कामाच्या जागीं खाणें, पिणें, तंबाखू मळणें नको. अंगावर सांडलें तर कपडे तत्काळ उतरवून साबण व भरपूर पाणी यांनीं धुवावें. ते कपडे घरच्या धुण्यांत आणूं नयेत. जमिनीवर सांडलें तर कोरडी वाळू टाकून टिपावें व ती वाळू निराळी बंद ठेवावी. गटारांत लोटूं नये, कारण पाण्यांतील जीवांस तें घातक आहे. आग आवरणारें असलें तरी मोठ्या आगींत सांपडल्यास त्याचा विषारी धूर होतो, तेव्हां जवळ थांबूं नये. पोटांत गेल्याची शंका आली, तर बरें वाटत असलें तरीहि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें आणि चिठ्ठी किंवा डबा बरोबर न्यावा. दोन आठवडे वाट पाहणें म्हणजे वेळ गमावणें.

घरांतील नियम त्याहून सोपे. ज्या भांड्यांत पूर्वीं काय होतें हें ठाऊक नाहीं, त्यांत पाणी, धान्य, तेल कांहींच ठेवूं नये. धुवून तें शुद्ध होईल हा भ्रम आहे. पाण्यांत न विरघळणारें द्रव्य पाण्यानें जात नाहीं, आणि प्लॅस्टिकच्या भिंतींत मुरलेलें तर साबणानेंहि जात नाहीं. सुटें खाद्यतेल घेऊं नये; त्याच्या विक्रीस आपल्या देशांत सामान्यतः कायद्याची मनाई आहे, ती उगीच नाहीं. आणि आपणहि फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक सरबताच्या बाटलींत ओतून फडताळांत ठेवूं नये. त्या क्षणीं आपणहि एका विषाचें नांव पुसून टाकीत असतों.

आतां त्या दोन पिंपांचें काय झालें तें सांगतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं पुतण्यास हांक मारून तीं परत देऊन पैसे घेऊन ये म्हणून सांगितलें. या वेळीं सूनबाई कांहीं बोलली नाहीं. बोलला तो मुंजीचा बटु. वय वर्षें आठ. तो म्हणाला, “आजोबा, मग तो दुकानदार तीं दुसऱ्यांना विकेल ना?”

मला उत्तर सुचलें नाहीं. खरेंच, परत देणें म्हणजे आपल्या दारांतील संकट दुसऱ्याच्या दारांत नेऊन ठेवणें. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत रासायनिक द्रव्यांनीं दूषित झालेल्या रिकाम्या पिंपांचीहि गणना आहे. कारखान्यानें तीं अधिकृत परवानाधारकासच द्यावयाचीं असतात. हीं दोन त्या वाटेवरून कोठें तरी निसटलीं होतीं. पुतण्यानें हातमोजे घालून दोन्हीं पिंपांना जागोजाग भोंकें पाडलीं, म्हणजे पुन्हां त्यांत कोणास कांहीं भरतां येऊं नये. मग ओळखीच्या एका कारखान्यामार्फत तीं परवानाधारकाकडे पोहोंचविलीं. पैसे बुडाले. मुंजीसाठीं नवीं पिंपें आणलीं, आणि खर्चाच्या वहींत तो आंकडा मीं माझ्याच हातानें लिहिला.

त्या पिंपांत ऑर्थो प्रकार होता कीं नव्हता, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. कदाचित् निरुपद्रवी असेल. पण मुंजीच्या पंक्तींत त्या दिवशीं ऐंशीं पानें होतीं, आणि पाणी वाढणारा मी होतों. प्रत्येक पेल्यांत धार धरतांना मनांत येई, माझें त्या दिवशींचें उत्तर घरानें ऐकलें असतें तर?

मुंजींत बटूनें प्रथम आईकडे भिक्षा मागावयाची असते. आमच्या बटूनें ती मागितली, सूनबाईनें त्याच्या झोळींत लाडू घातले, आणि मग ती मला नमस्कार करावयास आली. मीं तिला आशीर्वाद दिला, आणि आणखी एक वाक्य बोललों, जें शाळेंत मुलांपुढें बोलावयाचें पस्तीस वर्षें राहून गेलें होतें: “मला ठाऊक नव्हतें.”